घाम आणावा की येऊ द्यावा?

पत्राचा सारांश: मूळची सांगलीकडची ही वाचक लग्नानंतर चीनमधल्या सूचौ शहरात राहते. नवरा चिनी, मुलगा साडेचार वर्षांचा, सासूबाई सोबत. गेल्या थंडीत मुलाला 39 अंश ताप चढला. सासूबाईंनी खिडक्या लावून घेतल्या, पोराला दोन जाड रजयांत गुंडाळलं आणि आलं, लाल साखर घालून उकळलेलं पाणी पाजलं. तासाभरात मूल घामाने निथळत होतं, तरी रजई काढू देईनात. शेवटी हिने रजई ओढून काढली आणि गार पाण्याच्या घड्या अंगभर ठेवल्या. त्यावर सासूबाई ओरडल्या, "गारवा आत शिरेल, मूल मरेल." नवरा गप्प. दुसऱ्या दिवशी सासूबाई आपल्या गावी निघून गेल्या. सांगलीला आईला फोन केला, तर तीही म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं, घाम आल्याशिवाय ताप उतरत नाही." आता पुन्हा थंडी तोंडावर आली आहे. वाचक विचारते, "त्यांच्या हजारो वर्षांच्या परंपरेचा मान राखू, की विज्ञानाने सांगितलेलं करून मुलाला जपू?"

प्रिय मैत्रिणी,

तापलेलं मूल कुशीत आणि समोर घरातलंच मोठं माणूस उलट सांगतंय, अशा रात्री डोकं थाऱ्यावर राहणं अवघड असतं. तुम्ही रजई ओढून काढलीत ते योग्यच केलंत, हे आधी स्पष्ट सांगते. पण तुमच्या प्रश्नाची जी मांडणी आहे, एका पारड्यात परंपरा आणि दुसऱ्यात विज्ञान, ती मला पटत नाही. सासूबाईंनी केलं ते चिनी वैद्यक होतं, असं तुम्ही धरून चालला आहात. आणि तुम्ही केलंत ते विज्ञान होतं, असंही. दोन्ही जरा तपासून बघू या.

चिनी वैद्यकात तापाबद्दलचा सगळ्यात मानाचा ग्रंथ म्हणजे 'शांगहान लुन', थंडीच्या आघाताने होणाऱ्या आजारांवरचा. तो चांग चुंगचिंग या वैद्याने दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सांध्यावर, हान राजवट मोडकळीला आली होती तेव्हा लिहिला. त्याच्या प्रस्तावनेत तो सांगतो की आपल्या कुळात दोनशेहून अधिक माणसं होती, इ.स. 196 नंतर दहा वर्षंही झाली नाहीत तोच त्यातली दोन तृतीयांश गेली, आणि गेलेल्या दहातली सात या तापाने. घरातली माणसं डोळ्यांदेखत गेलेल्या माणसाचा हा ग्रंथ आहे. म्हणूनच त्यात घामाबद्दल इतकी बारीक काळजी दिसते.

या ग्रंथाच्या सुरुवातीलाच तापाचे दोन रोगी शेजारी शेजारी उभे केले आहेत. दोघांनाही डोकं-मान आखडल्यासारखी वाटते, दोघांनाही कुडकुडायला होतं, दोघांची नाडी वरवर, बोट टेकवताच लागणारी. पण एकाला ताप असून घाम येतोय, वारा सोसवत नाही, नाडी सैल आहे. दुसऱ्याला घामाचा टिपूस नाही, अंग ठणकतंय, नाडी ताठ. या दोघांना एकच औषध द्यायचं नाही. बिनघामाच्या, धाप लागलेल्या रोग्याला 'माह्वांग थांग', म्हणजे एफेड्रा हे झुडूप घातलेला कडक काढा. ज्याला घाम येतोच आहे त्याला 'क्वेइची थांग', म्हणजे दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, पिओनीचं मूळ, आलं, ज्येष्ठमध आणि लाल बोरं यांचा सौम्य काढा. या दोघांची अदलाबदल होऊ देऊ नका, हे कायम ध्यानात ठेवा, असं ग्रंथ मुद्दाम बजावतो.

म्हणजे चिनी वैद्याच्या लेखी ताप आला की पहिली गोष्ट घाम आणणं ही नाही. पहिली गोष्ट, घाम येतोय का हे विचारणं. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकात चांग चिंगयुए या वैद्याने रोग्याला विचारायच्या दहा प्रश्नांची पद्यमय यादी केली. तिच्यात पहिला प्रश्न थंडी-तापाचा आणि दुसरा घामाचा. आजही चिनी वैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ती पाठ करायला लावतात. तुमचा मुलगा रजईत निथळत होता, तेव्हा त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

आता 'क्वेइची थांग' कसा द्यायचा ते ऐका, कारण तुमच्या घरातलं भांडण नेमकं इथे सुटू शकतं. काढा गरम असताना एक माप प्यायचा, आजच्या हिशेबाने साधारण 200 मिलिलिटर. मग थोडं थांबून तितकीच, किंवा थोडी जास्त, गरम पातळ भाताची पेज प्यायची, काढ्याला जोर यावा म्हणून. मग सुमारे दोन तास पांघरूण घ्यायचं. अंगभर हलकासा दमटपणा आला की उत्तम. पाण्यासारख्या धारा लागू द्यायच्या नाहीत. तसं झालं तर आजार जाणार नाही, असं थेट लिहिलं आहे. एका मापातच घाम येऊन बरं वाटलं तर उरलेला काढा प्यायचा नाही, संपवायलाच हवा असं नाही. औषध चालू असताना कच्चं, गार, चिकट, मांस, दारू वर्ज्य.

पांघरूण आहे, घाम आहे, गरम प्यायला आहे. सासूबाईंच्या हातून जे झालं त्याचा धागा इथूनच आला आहे, यात मला शंका नाही. पण पिढ्यानपिढ्या तोंडोतोंडी येताना रजई टिकली आणि अट गळाली. कुठल्या रोग्याला, किती घाम, कुठे थांबायचं, हे सगळं मागे राहिलं. आपल्याकडेही काढे-लेपांचं असंच झालेलं दिसतं: वस्तू लक्षात राहते, प्रमाण आणि पथ्य विसरतं.

घाम काढायचाच नाही अशा माणसांची तर ग्रंथात यादीच आहे. घसा कोरडा पडलेला, लघवीला जळजळ होणारा, अंगावर गळवं असलेला, नाकातून रक्त जाणारा, रक्त गेलेला आणि मुळातच फार घाम येणारा. घाम अति झाला तर काय होतं तेही आहे: रोग्याचा घाम गळतच राहतो, वारा सोसत नाही, लघवी होईनाशी होते, हातपाय आखडतात. अशा वेळी घाम थांबवून आतली ऊब राखायला वेगळा काढा सांगितला आहे. आणखी एका कडक काढ्याखाली तर सूचना आहे की घाम फार सुटला तर कोमट भुकटी अंगावर थापा. हे वाचताना मला तो जुना वैद्य खाटेशेजारी बसलेला दिसतो, हात रोग्याच्या कपाळावर, लक्ष घामावर. त्यांच्या विचारात घाम हा शरीराच्या ओलाव्यातून, 'यिन'मधून येतो, आणि त्याला बाहेर लोटते ती ऊब, 'यांग'. जास्त घाम गेला की दोन्ही खर्ची पडतं. म्हणून घाम हा त्यांच्यासाठी जपून करायचा खर्च आहे.

तुम्ही सूचौत राहता म्हणून एक खास सांगायचं आहे. 'शांगहान लुन' पुरा पडत नाही, असं पुढे दक्षिणेकडच्या दमट, उष्ण प्रदेशातल्या वैद्यांना जाणवलं, आणि त्यांतला सगळ्यात मोठा वैद्य तुमच्याच शहरातला: ये थ्येनशी, 1667 ते 1747. उष्णतेच्या तापाला थंडीच्या तापाचे नियम लावू नका, हा त्या परंपरेचा गाभा. ताप अगदी वरच्या थरात असेल तरच घामाने सोडवा, आत उतरला की उष्णता शमवा, असं ये थ्येनशी सांगतो. त्याच्या मागून आलेल्या वू च्युथोंगने 1798 मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात लिहिलं की उष्ण तापाच्या सुरुवातीच्या अवस्थेत घाम काढू नये. फार घाम निघाला तर रोगी भान हरपून बरळू लागतो. लहान मुलांबद्दल त्याचं म्हणणं असं की त्यांचं यिन आणि यांग दोन्ही अजून कोवळं असतं. तेव्हा जबरदस्तीने घाम काढण्याला तुमच्या सासूबाईंच्याच प्रांतात, त्यांच्याच वैद्यकातून, दोनशे वर्षांपूर्वी ठाम विरोध झाला आहे. हे तुम्ही सांगण्यापेक्षा तुमच्या नवऱ्याने सांगावं. चिनीतून हे ग्रंथ सहज मिळतात, त्याला शोधायला अवघड जाणार नाही.

आता दुसरं पारडं. आजच्या समजुतीप्रमाणे तापात मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात ठरलेलं तापमान वर सरकतं, गिझरचा काटा कुणी पुढे फिरवावा तसं. मग शरीर त्या नव्या आकड्यापर्यंत पोचायला धडपडतं: त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते. या वेळी मुलाला खरोखर थंडी वाजत असते आणि एक हलकं पांघरूण हवंच असतं. तापमान त्या आकड्याला पोचलं की अंग कढत आणि कोरडं लागतं. मग आजार ओसरल्यामुळे किंवा औषधामुळे काटा मागे आला की शरीर जादा उष्णता बाहेर टाकतं: त्वचा लाल होते, घाम फुटतो. घाम फुटतो कारण काटा मागे आलेला असतो. आपल्या आयांनी आणि त्यांच्या आज्यांनी पिढ्यानपिढ्या पाहिलं ते अगदी खरं आहे, ताप उतरताना घाम येतो. पण घाम आणला म्हणून ताप उतरेल, हा त्यातून काढलेला निष्कर्ष चुकतो. शिवाय घाम अंगाला गारवा देतो तो वाळताना. रजईत कोंडलेला घाम वाळत नाही, उष्णता बाहेर जात नाही आणि अंगातलं पाणी मात्र जात राहतं.

तान्ह्या बाळांत हे जिवावर बेतू शकतं. थंडीत एक वर्षाच्या आतलं बाळ जाड पांघरुणात कोंडलं गेलं की ताप भडकतो, घामाने पाणी आटतं, श्वास कमी पडतो, झटके येतात. चीनमधल्या बालरोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलेलं आहे आणि पालकांना ते याबद्दल सावध करत असतात. मुलाच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत हे विचारा, शक्यतो सासूबाई सोबत असताना. ते चिनीतून, चिनी आजीला सांगतील, त्याचा परिणाम तुमच्या बोलण्यापेक्षा वेगळा होईल.

पण तुमच्या गार घड्यांचं काय? काटा वर असताना बाहेरून गार पाणी लावलं तर शरीर आणखी कुडकुडून उष्णता तयार करतं. मुलाचे हाल होतात, आणि मिळालेला गारवा थोडा वेळच टिकतो. म्हणूनच आजची बालरोगाची मार्गदर्शक तत्त्वं तापात अंग पुसून काढण्याची शिफारस करत नाहीत. मुलाला ना उघडं ठेवा ना गुंडाळून ठेवा, एवढंच सांगतात. "गारवा आत शिरेल" हे सासूबाईंचं बोलणं तुम्हाला अंधश्रद्धेचं वाटलं असेल. त्यामागचं कारण त्या सांगतात ते नसेलही, पण घामेजलेल्या मुलावर एकदम थंड पाणी नको, हा त्यांचा आग्रह चुकीचा नव्हता. हे तुम्ही त्यांना मोकळेपणाने सांगितलंत तर पुढचं बोलणं सोपं जाईल.

मग त्या रात्री करायचं काय? सूचौमध्ये घरं थंडीत चांगलीच गारठतात, उत्तर चीनसारखी सरकारी उष्णतेची सोय तिथे नाही, हे ध्यानात घेऊन सांगते. हुडहुडी असेपर्यंत एक पांघरूण, पायांत मोजे. अंग कढत झालं, हातपायही गरम लागू लागले की पांघरूण हलकं करा, सुती कपडा पुरे. घाम फुटला की कोरड्या फडक्याने टिपा, ओला सदरा लगेच बदला, आणि खोली बेताची उबदार पण हवा खेळती ठेवा. पाणी, पेज, सूप थोडं थोडं सतत. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी मुलाच्या वजनावर ठरवून दिलेल्या मापाने, दोन डोसांत ठरलेलं अंतर ठेवून. ते मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं, आकडा 37 वर आणायची शर्यत लावायची नाही. तापात येणारे झटकेही त्याने टळत नाहीत, तेव्हा तेवढ्यासाठी मुलाला झोपेतून उठवून औषध पाजू नका.

भाताची पेज सासूबाईंच्या हवाली करा. त्यांच्या ग्रंथात ती औषधाइतकीच महत्त्वाची आहे आणि बालरोगतज्ज्ञांचीही तिला हरकत असणार नाही. आल्याचं पाणीही कोमट, फिकट, थोडंसं चालेल. तापलेल्या मुलाजवळ आजीच्या हाताला काही काम नसलं की तो हात रजईकडे जातो, असं माझं निरीक्षण आहे.

एका गोष्टीत मात्र अजिबात सूट देऊ नका. औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेल्या सर्दी-तापाच्या पुड्या. चीनमध्ये वनस्पतींचं औषध म्हणून मिळणाऱ्या काही दाणेदार पुड्यांत पॅरासिटामॉल आणि सर्दीचं ॲलर्जीविरोधी औषधही मिसळलेलं असतं. आईने एक डोस दिला, आजीने पुडी दिली, की मूल दुप्पट पॅरासिटामॉल घेऊन बसतं, आणि त्याचा भार यकृतावर येतो. डब्यावरचे घटक नवऱ्याकडून वाचून घ्या. एफेड्रा असलेला काढा मुलाला घरच्या घरी द्यायचा नाही. त्यातल्या एफेड्रिनने हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो; अमेरिकेने 2004 मध्ये एफेड्रा असलेल्या पूरक आहारावर बंदी घातली ती याच धोक्यांमुळे. चिनी वैद्यक घ्यायचंच असेल तर ते शिकलेल्या वैद्याकडून, आणि मुलाच्या डॉक्टरांना सांगून.

नवरा कदाचित 'तू यूयू' या चिनी शास्त्रज्ञ बाईंचं उदाहरण देईल, द्यावंही. चौथ्या शतकातल्या ग हुंग या वैद्याने हिवतापावर मूठभर छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितला होता. त्या टिपणात उकळण्याचा उल्लेख नाही, हे तू यूयूंना खटकलं आणि त्यांनी कमी तापमानावर अर्क काढला. त्यातून आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचं औषध मिळालं आणि 2015 चं नोबेल. हे थोर काम आहे. पण ते औषध हिवतापाचा परजीवी मारतं, घाम काढून बरं करत नाही, आणि ते रोग्यांपर्यंत पोचलं ते कसून चाचण्या झाल्यावर. जुन्या ग्रंथाचा मान कसा ठेवावा याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात चांगलं उदाहरण आहे: बारकाईने वाचायचं आणि मग तपासायचं.

सांगलीच्या आईला, आणि हे वाचणाऱ्या इथल्या सगळ्यांना, वेगळं सांगायचं आहे. आपल्या आयुर्वेदातही घाम अडणं हे ज्वराचं लक्षण म्हणून सांगितलं आहे, त्यामुळे "घाम आला, सुटलो" हे आपल्या अंगवळणी पडलं आहे. डेंग्यूत हा समज घात करतो. डेंग्यूचा धोक्याचा काळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरू लागतो तेव्हाच सुरू होतो. ताप गेला पण पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, हातपाय गार आणि चिकट घामाने ओले, मूल मलूल, असं असेल तर थेट रुग्णालय. आणि डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको.

तुमच्या मुलाच्या बाबतीतही काही लक्षणांना घरी थांबायचं नाही: उठवून उठत नाही, श्वास भराभर चाललाय किंवा छाती आत ओढली जातेय, मान ताठ, दाबल्यावरही फिकट न होणारे लाल-जांभळे डाग, झटका, पाणीही पोटात ठरत नाही, बराच वेळ लघवी नाही, ताप तीन दिवसांपलीकडे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश ताप म्हणजे लगेच डॉक्टर, मग घाम असो वा नसो.

सासूबाईंना परत आणायला नवऱ्याने जायला हवं, आणि त्याने गप्प राहणं सोडायला हवं. दोन भाषांमध्ये तो एकटाच उभा आहे. तो बोलला नाही तर तुम्ही दोघी एकमेकींचं फक्त ओरडणं ऐकाल. भांडण कुणी सुरू केलं हे उगाळू नका. थंडी सुरू व्हायच्या आत, मूल ठणठणीत असताना, तिघांनी बसून एक तक्ता करा आणि तो फ्रिजवर चिकटवा. त्यात रकाने असे: वेळ, ताप किती, हातपाय गार की गरम, घाम आहे का आणि किती, काय प्यायलं, लघवी झाली का, कोणतं औषध कुणी दिलं. मजकूर चिनीत असू दे आणि घामाचा रकाना सासूबाईंनीच भरायचा असं ठरवा. डॉक्टरांकडे जाताना तोच कागद सोबत न्या.